आलात तरच

(फोनची एकच बाजू ऐकू येते. पलीकडे तातडीच्या कक्षातल्या ड्यूटी डॉक्टर आहेत. अलीकडे सर्जनबाई.)

"बोला.

"कोण, काल संध्याकाळी आलेला? पावाच्या व्हॅनचा ड्रायव्हर? हो, सकाळी मामांनी चार्ज देताना सांगितलंय. जुन्या ऑपरेशनच्या जागी आतडं अडकलंय, नाकातून नळी घातलीय, सलाईन चालू आहे. मग?

"दुखणं वाढलंय, का ओरडणं वाढलंय?

"बरं. पोट हाताला कसं लागतंय? थोडं कडक. काल काय लिहिलंय? तेच? म्हणजे फरक नाही.

"मी कुठे म्हणाले येत नाही म्हणून? तुम्हाला काय वाटतं, यायला हवं का?

"नाही, सहज विचारलं. तुम्ही असं का विचारताय की मी असं का विचारतेय?"

काठावर

रविवार, दुपार. सर्जनबाई पोहण्याच्या तलावाच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. अंगावर घरातून निघतानाचे कपडे, पायात बूट. पोरीचं डोकं पाण्यातून वर आलं.

"चाललीस?"

"बघते."

"मग तोपर्यंत पाण्यात ये."

"येता येत नाही, फोन आला तर?"

"मग तू आलीस कशाला?"

नवरा दोन लेन सोडून पोहत होता. तो नेहमी म्हणायचा, ही कॉलवर असते तेव्हा दुकानातल्या काचेच्या कपाटासारखी असते. दिसते सगळी, पण हात लावायचा नाही. कॉलवर असलं की वीस मिनिटांत हॉस्पिटल गाठता आलं पाहिजे. म्हणजे सिनेमा नाही, गावाबाहेर नाही, एक घोट बिअर नाही, पाणी नाही. शहरात सर्जन दोनच, ती आणि मामा. एक दिवस तिचा, एक दिवस मामांचा. आयुष्याचे अर्धे दिवस काठावर.

आज सकाळपासून ती दोनदा जाऊन आली होती. एकदा यंत्रात सापडलेलं बोट, एकदा पिकलेलं अपेंडिक्स. आता गेली तर तिसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा, हा शब्द तिच्या मनात कुणाच्या आवाजात उमटला ते तिला नीट ऐकू आलं. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांच्या.

एका वाक्याचे तीन अवतार

पहिला, काही महिन्यांपूर्वी सर्जनबाईने अर्जात लिहिलेला: सर्जन ज्या दिवशी कॉलवर असेल त्या दिवसाचा ठराविक मोबदला द्यावा, बोलावणं येवो अथवा न येवो.

दुसरा, व्यवस्थापकांनी लाल पेनाने सुधारलेला: सर्जन ज्या दिवशी कॉलवर असेल त्या दिवशी बोलावणं आल्यास

(इथे ते थांबले होते आणि म्हणाले होते, "मॅडम, घरी सोफ्यावर बसण्याचे पैसे मी कुठल्या तोंडाने मागू वरती?" ती म्हणाली होती, "अग्निशमन दलाला आग लागल्यावरच पगार देता का?" ते म्हणाले होते, "ते माझ्या खात्यात येत नाही.")

तिसरा, सही झालेला: प्रत्यक्ष हजर झाल्यास, दर हजेरीमागे.

"आलात तर," व्यवस्थापकांनी तोंडी खुलासा केला. "आलात तरच."

इतकी वर्षं काहीच मिळत नव्हतं. मामा म्हणाले, "पदरात पडतंय ते घे, पुढचं पुढे." तिने सही केली. पुढच्या आठवड्यात मुख्य दरवाज्यावर अंगठ्याने हजेरी घेणारं मशीन बसलं.

त्यानंतर

त्यानंतर ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, "मॅडम, हे सकाळपर्यंत थांबणार नाही का?" हे वाक्य त्या बारा वर्षं म्हणत आल्या होत्या. पण आता वाक्याच्या शेवटी त्या जरा जास्त वेळ गप्प राहिल्या. राहिल्या ना?

त्यानंतर एका पेशंटच्या भावाने विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कापलं तर जास्त मिळतात का हो?" हसत विचारलं. हसतच.

त्यानंतर व्यवस्थापकांनी दोघांना बोलावून पडद्यावर हजेऱ्यांचे दोन खांब दाखवले. निळा खांब मामांचा, लाल तिचा. लाल खांब निळ्याच्या दुप्पट होता.

"मी काही म्हणत नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"मग दाखवताय कशाला?"

"माहिती म्हणून."

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. इथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. निळा खांब इतका बुटका कसा? मामांच्या दिवशी माणसं ठरवून बरी राहतात का? मामा म्हणजे ज्यांना सगळं हॉस्पिटल मामा म्हणतं, कारण प्रत्येक पेशंटच्या खाटेशी जाऊन ते म्हणतात, "घाबरू नको, मामा आलाय." तो माणूस आता येतच नाही? की सही करायला लावणारेही तेच, खांब बुटका ठेवून व्यवस्थापकांच्या मर्जीत बसणारेही तेच? त्यांच्याकडे चहाला जातात म्हणे. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यानंतर ती स्वतः. एखाद्या पोटावर हात ठेवला, आणि "उघडावं लागेल" असं मनात आलं, की लगेच मागून प्रश्न यायचा: हे हाताने सांगितलं की अंगठ्याने? पूर्वी असं व्हायचं नाही. पूर्वी हात सांगायचा, ती ऐकायची. आता हात बोलायला लागला की ती त्याची उलटतपासणी घ्यायची.

मग तिला धुलाईचं दार सापडलं.

धुलाईचं दार

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत चादरी आत-बाहेर करण्यासाठी एक रुंद दार आहे. तिथे मशीन नाही. त्या दाराने आत गेलं की सर्जन आलेला नसतो. हजेरी नाही, पैसे नाहीत, खांब वाढत नाही. पेशंट बघायचा, ड्यूटी डॉक्टरना सांगायचं, "तुमच्या नावाने लिहा, मी आलेले नाही," आणि आल्या वाटेने परत.

महिनाभर ती हे करत होती. ऑपरेशन करायचंच असेल तर पुढच्या दाराने, अंगठा लावून. नुसतं बघायचं असेल तर मागून. चोरी करताना जशी छाती धडधडते तशी तिची धडधडायची. चोरी कसली, तर फुकट काम करण्याची. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्या बायका नवऱ्यापासून चोरून खर्च करतात. तू चोरून कमवत नाहीस. माझ्या नशिबी हेच होतं."

त्या रविवारी ती तलावावरून थेट मागच्या गल्लीत गेली. आत वाफेचा आणि साबणाचा वास. इस्त्रीवरची बाई मान वर न करता म्हणाली, "दार ओढून घ्या, वारा येतो."

घडी केलेल्या चादरींच्या ढिगावर एक हेल्मेट होतं. राखाडी, कानापाशी फुटलेलं, वर पांढरी बँडेजची पट्टी चिकटवलेली. असं हेल्मेट या शहरात एकच होतं.

मामांचा आज दिवस नव्हता. मामा आज कॉलवर नव्हते. मग मामांचं हेल्मेट इथे काय करत होतं?

तीन शक्यता, जिना चढताना

एक. मामा खाजगीत कुणाचंतरी काही करतायत.

दोन. मामांना व्यवस्थापकांनी पाठवलंय. लाल खांबाचे पेशंट खरंच आजारी आहेत का, ते बघायला.

तीन. वरच्या मजल्यावर पोचली, तिसरी सुचली नाही.

पडद्यामागे

व्हॅनवाल्याच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. पडद्याखाली मामांचे बूट. तिने पडदा बाजूला केला. मामांचा उजवा हात व्हॅनवाल्याच्या पोटावर होता. पलीकडे व्हॅनवाल्याची बायको पाण्याची बाटली छातीशी धरून उभी.

"मामा, हा माझा पेशंट आहे."

मामांनी हात काढला नाही. "काल माझा होता."

"काल संपला."

"पोटाला कुठे कळतं, तारीख बदलली म्हणून?"

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कोण पाठवणार? जेवलो, झोप येईना, आलो." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि तू कुठून उगवलीस? पुढच्या दाराशी तुझी गाडी दिसली नाही मला. मी मुद्दाम बघून आलो."

"का बघितलंत?"

"तू नसशील तर यावं म्हणून."

"म्हणजे माझ्यामागे."

"तुझ्यामागे नाही गं बाई, तुझ्याआधी."

त्यांच्या खांद्यावर चादरीचा पांढरा कापूस चिकटला होता. तिने नकळत स्वतःच्या खांद्यावर हात फिरवला. तिच्याही खांद्यावर होता. मामांनी ते पाहिलं. अजून बोलण्याइतका विश्वास दोघांचाही एकमेकांवर नव्हता.

"सरका," ती म्हणाली.

पोट

तिने तळवा टेकवला. व्हॅनवाल्याने डोळे मिटून घेतले. नाकातल्या नळीतून हिरवट पाणी पिशवीत जात होतं. नाडी जरा जलद, पण घाबरलेल्या माणसाची असते तेवढीच. पोट उजवीकडे खाली थोडं कडक. तिने पायाकडची फाइल उघडली. कालची नोंद, ड्यूटी डॉक्टरांच्या अक्षरात: उजवीकडे खाली थोडं कडक.

काल थोडं कडक, आज थोडं कडक. अडकलेलं आतडं पुष्कळदा आपोआप सुटतं. पोट बिघडत नसेल तर वाट बघायची, हे कुठलाही सर्जन सांगेल. बिघडत असेल तर मात्र वाट बघणं म्हणजे आतड्याला आत मरू देणं.

बिघडत नव्हतं. कागद तसं म्हणत होता.

हात मात्र काहीतरी वेगळं म्हणत होता, आणि ती त्याला विचारत होती: तू म्हणतोस की तिसरी हजेरी म्हणतेय?

"सकाळपर्यंत बघू," ती म्हणाली.

"सकाळपर्यंत?" बायकोने विचारलं. तिच्या आवाजातही संशय होता, पण कशाचा, ते कळत नव्हतं. "म्हणजे आज तुम्हाला नाही जमणार?"

"जमण्याचा प्रश्न नाही. गरज नाही."

मामांनी जायला हवं होतं. गेले नाहीत. खाटेच्या दांडीवर नखाने टकटक करत राहिले. ती फाइल मिटता मिटता थांबली. हा माणूस जात का नाही? आणि बोलत का नाही? बघायला आला होता तर बघून झालं. मत द्यायचं असेल तर मत देतो एरवी, न विचारता देतो.

"मामा, काल तुम्ही याला फोनवरच बघितलंत ना? कालची तुमची एकच हजेरी आहे, ती दुपारची. हा संध्याकाळी आला."

टकटक थांबली.

"मामा, हात लावला होता का याला काल?"

मामांनी व्हॅनवाल्याच्या बायकोकडे पाहिलं. कशाला तोंड उघडता, असं काहीतरी त्या नजरेत होतं. पण ती बाई कालपासून कुणीतरी सरळ प्रश्न विचारायची वाट बघत असावी.

"लावला होता की," ती म्हणाली. "'घाबरू नको, मामा आलाय' म्हणाले. मला बरं वाटलं. मग जाताना म्हणाले, मी आलो होतो असं कुणाला सांगू नका. तेव्हापासून बरं वाटत नाहीये."

सर्जनबाई मामांकडे वळली. "कसं होतं?"

"काय?"

"पोट, मामा. काल. तुमच्या हाताला."

मामा हळूच म्हणाले, "मऊ. मळलेल्या पिठासारखं. तेच सांगावं की नाही ठरत नव्हतं, सांगितलं की कालचं येणं उघडं पडतं."

"मग हे थोडं कडक?"

पडद्याबाहेर ड्यूटी डॉक्टर उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. "ते माझ्या हाताला लागलं," त्या म्हणाल्या. "मी घाबरून जरा चढवूनच लिहिते मॅडम, मला माहीत आहे. मामांनी बघितलं होतं, पण ते म्हणाले, माझं नाव घालू नका. मग मी माझंच लिहिलं." मग जरा चिडून, "तुम्ही पण तेच सांगता. तुमचे तर किती पेशंट माझ्या नावावर आहेत. एक दिवस मलाच कुणी विचारेल, बाई, तुम्ही एवढ्या हुशार कधी झालात?"

काल मऊ. आज कडक. एका रात्रीत, एका अर्ध्या दिवसात. तो फरक सगळ्या फाइलमध्ये कुठेही नव्हता, कारण तो दोन अशा हातांमध्ये होता जे हॉस्पिटलात आलेलेच नव्हते.

"थिएटर उघडा," ती म्हणाली.

"माझी मदत?" मामांनी विचारलं.

"तुम्ही आलेलेच नाही आहात."

"तूही नाहीस."

"मग चला."

आत

जुन्या जखमेपासून एक चिवट दोरीसारखा पट्टा आतड्यावरून गेला होता. त्याखाली हातभर आतडं अडकून जांभळं पडलं होतं. जांभळं, अजून काळं नाही. तिने पट्टा कापला. मामांनी आतड्यावर कोमट ओली फडकी ठेवली.

मग थांबायचं.

ऑपरेशनमधला हा भाग बाहेरच्यांना कुणी सांगत नाही. आतड्यात रक्त परत येतं की नाही हे बघत नुसतं उभं राहायचं. आलं तर आतडं राहतं, नाही आलं तर कापून काढायचं. करण्यासारखं काही नसतं. चौघं उभे होते, हात वर, निकामी. मोठ्या सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या. भूल देणारे डॉक्टर आपल्या नळ्यांकडे.

"मला वाटलं तुम्ही त्यांना विकले गेलात," ती म्हणाली.

"कुणाला?"

"व्यवस्थापकांना. निळा खांब."

मामांचे मास्कवरचे डोळे बारीक झाले. "आणि मला वाटलं, तू पैशाच्या मागे लागलीस. लाल खांब बघून. खोटं कशाला बोलू? दोन मुलांची फी असेल, म्हटलं."

"मला एकच पोरगी आहे."

"तेच म्हणतोय, किती खोलवर संशय घेतला बघ."

"तुम्ही महिनाभर मागूनच येता?"

"महिना? पहिल्या आठवड्यापासून. मी तर ऑपरेशनलासुद्धा मागूनच आलो दोनदा."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बोलणं कमी, बघणं जास्त." आणि मग, "मी काही ऐकलेलं नाही."

तिने फडकं उचललं. जांभळ्याच्या कडेला एक तांबूस छटा सरकत होती. परत झाकलं. परत थांबले. पुढच्या वेळी उचललं तेव्हा आतडं गुलाबी होतं, आणि मामांनी बोटाने हलकेच टिचकी मारल्यावर ते आळस देणाऱ्या माणसासारखं वळवळलं.

"कापायला नको," ती म्हणाली. बोलताना तिच्या लक्षात आलं की या वेळी हाताला तिने काही विचारलं नव्हतं.

व्यवस्थापकांची खोली, सोमवार

"मशीनप्रमाणे," व्यवस्थापक म्हणाले, "काल या माणसाचं ऑपरेशन कुणीच केलेलं नाही."

"चांगलं झालंय पण," मामा म्हणाले.

"थट्टा नको. दोघेही आत कसे आलात?"

त्यांनी सांगितलं. धुलाईचं दार, महिना, नावाविना बघितलेले पेशंट, सगळं. व्यवस्थापक ऐकताना हळूहळू मागे रेलत गेले.

"फुकट?"

"फुकट."

"चोरून?"

"चोरून."

"पैसे न घेण्यासाठी कुणी चोरून येतं का? मला मूर्ख समजता? यात काहीतरी काळंबेरं आहे."

"आहे ना," ती म्हणाली. "काल एक आतडं मेलं असतं. मामांनी तपासलेलं मला माहीत नव्हतं, मी तपासलेलं कागदाला माहीत नसतं. त्याच्या बायकोने सकाळी मला विचारलं, आदल्या दिवशीच सर्जनने बघितलं होतं तर ते लिहिलं का नाही? मी तिला सांगितलं, का नाही ते. आणि फाइलमध्येही लिहिलं. मामांची सही आहे खाली, माझी पण."

व्यवस्थापकांनी फाइल ओढून घेतली. वाचली. परत वाचली. "हे असं मोकळेपणाने लिहायचं असतं का?"

"आता लिहिलंय."

"त्या बाईने तक्रार केली तर?"

"तर तिच्या बाजूने आम्ही दोघं बोलू," मामा म्हणाले. "तुमच्या बाजूला कोण आहे?"

व्यवस्थापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि लावून आळीपाळीने दोघांकडे पाहिलं.

"तुम्हाला काय हवंय?"

"ज्या दिवशी आम्ही बांधलेले असतो, त्या दिवसाचे पैसे," ती म्हणाली. "हजेरीचे नाहीत. येण्याचे वेगळे काही नको, एक पैसा नको. आलो काय, नाही आलो काय, तेवढेच. म्हणजे आलो तर कुणी म्हणणार नाही पैशासाठी आले. मला स्वतःलासुद्धा म्हणता येणार नाही."

"आणि मग," व्यवस्थापक पुढे झुकले, अखेर धागा सापडल्यासारखे, "पैसे मिळणारच असतील, तर तुम्ही उठून याल याची मला खात्री काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "पूर्वीही नव्हती."

व्यवस्थापकांनी कागद पुढे ओढून लिहायला सुरुवात केली, हाताने झाकून, परीक्षेत शेजारच्याला दिसू नये तसं. "तीन महिने. प्रयोग म्हणून. मी वरती बोलतो. आणि माझं लक्ष राहील."

"ठेवा," ती म्हणाली.

बाहेर, व्हरांड्यात

मामा तिच्याबरोबर चालत आले. जिन्यापाशी थांबले.

"मानलाच कसा गं तो एवढा?"

"मानला नाही. त्याला वाटतंय, यात आपला काहीतरी डाव आहे. तो सापडेपर्यंत चालू देणार."

"आहे का?"

"काय?"

"डाव."

ते थट्टा करत होते की विचारत होते, चेहऱ्यावरून कळेना. तिने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुमचा आहे का?" ती म्हणाली.